धाकट्याची वंशावळ

धाकटा भाऊ गेल्यावर सात महिन्यांनी मी त्याच्या घरी गेलो, तेही त्याच्या जुन्या कॉम्प्युटरसाठी. लक्ष्मी ताल या तलावाजवळचं ते घर माझ्या घरापासून पायी जाण्याइतकं जवळ. पण त्यानं आमच्या मराठी घराण्यात मऊरानीपुरची हिंदी बोलणारी मुलगी केली, तेव्हापासून मी तिथली पायरी चढलो नव्हतो. तो गेला तेव्हासुद्धा परस्पर स्मशानात गेलो.

दार त्याच्या बायकोनं उघडलं. पाणी विचारलं नाही.

भावानं त्या यंत्रात आमच्या घराण्याची वंशावळ लिहून ठेवली होती. ती मला छापायची होती. पण त्या यंत्राला पेन ड्राइव्ह लावायला जागा नव्हती आणि फ्लॉपी वाचली जात नव्हती. आतली डिस्क काढून नेतो म्हणालो.

"यहाँ से कुछ बाहर नहीं जाएगा, भाईसाहब."

म्हणून दुसऱ्या दिवशी मानिक चौकामागच्या भंगारवाल्याकडून जुनं नेटवर्क कार्ड आणलं, म्हणजे यंत्र माझ्या लॅपटॉपला तारेनं जोडता येईल. डबा उघडला, धूळ पुसली, कार्ड बसवलं. ते चालवायचं सॉफ्टवेअर मी सीडीवर नेलं होतं. ती सीडी तिसऱ्या प्रयत्नात चालली. तरी दोन्ही यंत्रं एकमेकांना ओळखेनात. मी जोडणीचे आकडे बदलत राहिलो. भावाची बायको दाराशी उभी राहून बघत होती.

"बसा ना," मी चिडून म्हणालो.

"घर माझं आहे," ती मराठीत म्हणाली. तिचं मराठी मी पहिल्यांदाच ऐकलं.

दुपारी कधीतरी लॅपटॉपवर त्याच्या फायली दिसल्या. कॉपी सुरू केली, तोच ती पुढे आली.

"इसमें मेरा नाम है?"

फाइल उघडली. भावाच्या नावापुढे तिचं नाव होतं, माहेर मऊरानीपुर, तिच्या आईवडिलांचीही नावं होती. इतक्या पिढ्यांत दुसऱ्या कुठल्या सुनेच्या आईचं नाव त्यानं लिहिलेलं नव्हतं.

"आणि छापाल तेव्हा राहील?" तिनं विचारलं.

मी कॉपी किती झाली ते बघू लागलो. तिनं वाकून तार उपटली. कॉपी अर्ध्यावर थांबली.

राग आला. पण खोटं बोलायलाही जमेना. "मागे त्यानं घराण्याची यादी केली होती, तिच्यातून तुमचं नाव मीच काढायला लावलं होतं," मी म्हणालो.

"मालूम है. ते रडले होते."

हे मला ठाऊक नव्हतं. मी खाली बघत म्हणालो, "या वेळी त्यानं लिहिलंय तसंच छापेन. एक अक्षर बदलणार नाही."

 तिनं तार माझ्या अंगावर टाकली. मी ती लावली, कॉपी पहिल्यापासून सुरू केली. फायली पूर्ण येईपर्यंत आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही.

निघताना ती म्हणाली, "पुस्तक डाक से भेज दीजिएगा. स्वतः येऊ नका."

भावानं लिहिलं होतं तसंच पुस्तक छापून झालं. मी ते पोस्टानंच पाठवलं.