जर्मन जोडणारी मशीन

आमच्याकडे ॲल्युमिनियमला जर्मन म्हणतात. जर्मनचा गंज म्हणजे पातेलं, जर्मनची कढई, दुधाची कॅनही जर्मनची. नागभीडला बाबांचं वेल्डिंगचं दुकान होतं आणि तिथे कोणी ना कोणी गळकी कॅन सायकलला अडकवून यायचाच. बाबा ती हातात न घेताच सांगायचे, "जर्मन जुडत नाई भाऊ. नागपूरले ने." तो तोंड पाडून जायचा आणि बाबा पुन्हा गेटच्या सळ्यांकडे वळायचे.

मला त्या कॅनचा ध्यास लागला. मी तेव्हा आयटीआयत वेल्डरचा कोर्स करत होते, वर्गात एकटी मुलगी. ॲल्युमिनियम अगदी शेवटी दाखवलं, तेही एकाच मशीनवर रांग लावून. माझ्या वाट्याला सरावाच्या दोन-चार पट्ट्या आल्या असतील. पण वेल्डिंगच्या टॉर्चखाली धातूचा चकचकीत थेंब हलताना पाहिला आणि ठरवलं, शिकायचं तर हेच. दुकान भावाला मिळणार हे घरात सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. लोखंड त्याचं असू दे, जर्मन माझं, असं मी मनाशी वाटून टाकलं.

बाबा चक्क हो म्हणाले. "आनू तुह्यासाठी मशीन," हे त्यांनी मायदेखत सांगितलं आणि मी हवेत गेले. बाबांना आणि भावाला पढवून पढवून सांगितलं. वेल्डिंगच्या टिग मशीन दोन जातीच्या येतात. एक नुसत्या डीसीवर चालते, ती लोखंड आणि स्टील जोडते. दुसरी एसीवरही चालते. ॲल्युमिनियमवर एक चिवट साय असते, खालचा धातू पाणी झाला तरी ती वितळत नाही, आणि तिला एसीच फोडते. म्हणून एसीवालीच आणा. बाबांनी मान डोलावली. भाऊ म्हणाला, "समजलं ना वो, कितीदा सांगशीन!"

नागपूरला मात्र दोघेच गेले. मशीनच्या दुकानात बाईमाणसाचं काय काम, असं मला कोणी म्हणालं नाही. सकाळच्या बसला मला उठवलंच नाही, एवढंच.

आली ती डीसी. खोक्यातून काढताच ओळखली, एसीचं बटणच नव्हतं तिला. मी आरडाओरडा केला. भाऊ जमिनीकडे पाहत म्हणाला, "टिगच होय ना हे." बाबा शांतपणे म्हणाले, "आधी करून त पाय, बाई."

करून पाहिलं. दूधवाला कॅन घेऊन समोर उभा, शेजारचा पंक्चरवाला दारात, आणि तमाशा पाहायला दोन-तीन रिकामटेकडे. तारेच्या ब्रशने कॅन घासघास घासली. टॉर्च धरला की वर करडी सुरकुती धरायची, खाली धातू डुचमळायचा, जोडात भरायची सळई काही केल्या एकजीव होईना, आणि मग एकदम भोक. केबल उलट्या लावून पाहिल्या, तर टॉर्चमधली सुईच वितळून कॅनवर गळली. आली तेव्हा कॅनला बारीकशी चीर होती, आता मूठ जाईल एवढं भगदाड पडलं. दूधवाला चिडला असता तर परवडलं असतं. तो हसला. "पोरीचं काम नोहे भाऊ हे."

बाबांनी माझ्या हातातून टॉर्च काढून घेतला. "जाऊ दे बाई. नाई होत तुह्याच्यानं." इतक्या मायेने म्हणाले की मी मागच्या अंगणात जाऊन ढसाढसा रडले.

दोष मशीनचा आहे, हे मी तोंडाने सगळ्यांना सांगत राहिले. पण नवशिक्याचं दुखणंच असं असतं. ज्याचा हात बसलेला आहे, तो मशीनला चार शिव्या देऊन मोकळा होतो. माझा हात अजून बसायचाच होता, मग छातीठोकपणे सांगणार तरी कशी? आतून वाटत राहिलं की पट्टीवर जमलं ते फुकटचं नशीब होतं आणि खरी मी ही अशी, भगदाड पाडणारी. जे त्या मशीनवर कोणालाच जमलं नसतं, ते आपल्याला जमलं नाही म्हणून मी झुरत बसले.

मशीन भावाची झाली. मोहर्लीकडे वाघ पाहायला येणाऱ्यांसाठी हॉटेलं उभी राहत होती, त्यांना चकाचक स्टीलची रेलिंग हवी असायची. त्याचा जम बसला. मी त्याच्या नावाने बोटं मोडत होते. यानेच डाव साधला, भोळ्या बाबांना गुंडाळलं आणि माझ्या तोंडाला पानं पुसली, अशी माझी पक्की समजूत होती. राखीच्या दिवशी त्याच्यापुढे ताट आदळलं, तरी त्याने राखीसाठी हात पुढे केला.

पुढे कधीतरी टॉर्चच्या तोंडाची चिनी मातीची टोपी फुटली. भाऊ मोहर्लीत अडकला होता, म्हणून मी नागपूरला, मशीन घेतली त्याच दुकानात गेले. गावाचं नाव सांगताच दुकानदार म्हणाला, "ॲल्युमिनियम शिकलेली मुलगी ती तुम्हीच का?" मग आपणहून सांगू लागला. त्याने दोन्ही मशीन दाखवल्या होत्या. डीसीवर ॲल्युमिनियम होणार नाही, हेही बजावलं होतं. "तुमचा भाऊ तर एसीवालीसाठी अडून बसला होता. वडीलच नको म्हणाले. 'तिले हे येऊन गेलं त ते माह्याच दुकानात बसन, मंग लग्न कोन करन तिच्याशी? एकडाव करून पाहू दे, नाई जमलं का आपोआप सोडन.' असं म्हणाले."

टोपी घेऊन परत आले. भावाला गाठून विचारलं, "काऊन नाई सांगतलं मले?"

"बाबाच्या तोंडावर बाबाले खोटं पाडू का?" एवढंच तो म्हणाला.

बाबांना मी विचारलं नाही. त्यांच्या शब्दांतला खोटेपणा मला सोसला असता. पण त्या दिवशीची मायाही खरी होती, हे मला दिसत होतं, आणि तेच सोसत नव्हतं. मी पुन्हा टॉर्च धरला नाही. पुढच्या उन्हाळ्यात चंद्रपूरचं स्थळ आलं, मी हो म्हणाले, आणि बाबांनी मांडवात डोळे पुसले.

आता ते नाहीत. माहेरी चार माणसं जमली की कोणीतरी कौतुक काढतंच, "त्या काळात पोरीसाठी नागपूरहून मशीन आननारा बाप पायला का कुठी?"

"नाई पायला," मी म्हणते. खरंच सांगते. पोरीने हरावं म्हणून मशीन विकत आणणारा बाप मीही दुसरा पाहिला नाही.