पाय लागला म्हणून

अमेरिकेतल्या कोलंबस शहराच्या एका संग्रहालयात सुलभाताई केतकर पहारेकरी होत्या. शहराबाहेरच्या डब्लिन उपनगरातल्या घरात तीन वर्षं भिंती बघून काढल्यावर १९८४ साली ही नोकरी मिळाली होती. नियम एकच, कशाला हात लावायचा नाही आणि कुणाला लावू द्यायचा नाही. त्यांचे यजमान चंद्रशेखरराव चेष्टा करायचे, "टोकायचा पगार मिळतोय तुला. घरी तेच फुकट करत होतीस."

त्यांच्या दालनात साठ वर्षांपूर्वीचं एक चित्र होतं. चित्रकाराने मित्राच्या कवितेवरून काढलेलं. निळे-करडे त्रिकोण, मधून तिरपा पूल आणि खाली त्या कवितेची सोनेरी अक्षरं. त्रिकोणांतलं ताईंना ओ की ठो कळत नसे, अक्षरं मात्र फार आवडायची.

त्या सोमवारी संग्रहालय बंद होतं. हुक बदलायला चित्र उतरवून भिंतीला टेकवलं होतं. सुटलेला तेलकट अंबाडा सारखा करत ताई वळल्या आणि बुटाचं टोक चौकटीला लागलं. झालं! जन्माची सवय ती. वाकून त्यांनी अक्षरांना बोटं लावली आणि कपाळाला टेकवली. भानावर आल्या तेव्हा सोनेरी अक्षरावर खोबरेलाचा डाग चमकत होता.

 चित्रं दुरुस्त करणाऱ्या होल्टबाई आता दिवा घेऊन हे चित्र तपासायला येणार होत्या. नोकरी जाईल, पोलीस येतील, महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत बायका कुजबुजतील. गप्प बसावं का? पण त्या दिव्यापुढे काय लपणार होतं?

होल्टबाई आल्या तशा ताई म्हणाल्या, "मॅडम, मी टच केलं. पाय लागला म्हणून."

"पाय लागला म्हणून हात लावलात?"

"त्यात कविता आहे."

होल्टबाई खाली वाकल्या. दिवा जवळ नेऊन बघत राहिल्या. 

मग बाईंनी काडीला कापूस गुंडाळला, तोंडात धरून ओला केला आणि डागावरून अलगद फिरवला. "थुंकीच वापरतो आम्ही. जुन्या रंगाला सोसते," त्या म्हणाल्या. डाग निघाला. "या वेळी सोडून देते. पुन्हा हात लागला तर नोकरी गेली समजा."

ताईंनी मान हलवली. बाईंनी नवा कापूस तोंडात धरला आणि शेजारच्या अक्षरावरून फिरवला.

अक्षराला थुंकी लागली तसा ताईंचा उजवा हात पाया पडायला आपोआप उचलला गेला. डाव्या हाताने त्यांनी तो मनगटापाशी घट्ट धरून ठेवला.