सासऱ्यांच्या हातची वेणी

माझ्या सासऱ्यांएवढा गाठीवर विश्वास असलेला माणूस अख्ख्या डिचोली तालुक्यात सापडायचा नाही. तीस वर्षं त्यांनी खाणीच्या ट्रकावर खनिज वाहिलं आणि त्यावर ताडपत्री आवळली. पुढे खाणी बंद पडल्या, पण हात काही थांबेनात. बाजारातून बांगडे आणले तरी पिशवीला अशी गाठ, की सासूबाई ती विळीवरच धरायच्या. लग्नानंतर पहिल्यांदा त्यांच्या स्कूटरवर मागे बसलो, तेव्हा बॅगेबरोबर त्यांनी मलाही बांधायला घेतलं होतं. "जावई म्हणजे दुसऱ्याचो माल," म्हणाले. "पडलो तर कोणाक काय सांगू?"

सासूबाई गेल्यावर ते आमच्याकडे राहायला आले. त्याच सुमारास बायकोची पणजीला बदली झाली. ती सकाळी लवकर निघणार, मग लेकीची वेणी कोण घालणार? "मी घालतंय," सासरे म्हणाले. बायको पटकन बोलून गेली, "बाबा, तुका जमाचा नाय. माझी कधी घातलंस?"

तिच्या लहानपणी ती उठायच्या आत त्यांचा ट्रक निघालेला असे आणि ती झोपल्यावर परत येई. पुढचे चार दिवस ते खिडकीच्या गजाला सुंभ बांधून वेणी शिकत बसले.

पहिल्या दिवशीच्या वेण्या इतक्या घट्ट होत्या, की लेकीच्या भुवया वर चढल्या. शाळेतल्या बाईंनी वहीत लिहून पाठवलं, 'मुलगी दिवसभर आश्चर्यचकित दिसते.' सासऱ्यांना त्यात काही वावगं दिसलं नाही. "सैल ठेवलंय तर वाटेत माल सांडतलो," म्हणाले. पण गणपतीच्या चवथीपर्यंत त्यांचा हात असा मऊ झाला, की लेक त्यांच्यापुढे बसल्या बसल्या पेंगायची.

एका रविवारी बायको न्हाऊन बाहेर आली. सासरे व्हरांड्यात बसले होते. ती त्यांच्या पुढ्यात पायरीवर बसली, पाठ करून, केस मोकळे सोडून. त्यांनी लुंगीला हात पुसले. केस हातात घेतले आणि तसेच थांबले.

"केस पिकले गो तुझे," ते म्हणाले. "कधी?"

"आताच, बाबा," ती म्हणाली.

मी नाक्यावर जाऊन पाव घेऊन आलो, तरी ती वेणी अर्ध्यावरच होती. मी मागच्या दाराने घरात गेलो.