लंडनवाले काका

लंडनवाले काकांना ‘लंडनवाले’ म्हटलेलं अजिबात खपत नसे. शांती नगरच्या आमच्या सेक्टरमध्ये सगळे त्यांना याच नावाने ओळखायचे आणि कुणी तोंडावर तसं म्हटलं की काका त्याला भर रस्त्यात फैलावर घ्यायचे. “लंडन नव्हे! लंडन तिथून लांब. लंडनची माणसं आमच्याकडे आली तर आम्ही त्यांना चहासुद्धा विचारत नव्हतो.”

हे ‘आमच्याकडे’ म्हणजे इंग्लंडच्या उत्तरेकडचं एक गिरण्यांचं गाव. काका मूळचे रत्नागिरीकडचे. काकी नर्स होत्या. त्यांना तिथल्या इस्पितळात नोकरी लागली म्हणून काकाही गेले आणि बस चालवू लागले. काकी वारल्यावर ते एकटेच परत आले आणि मीरा रोडला फ्लॅट घेऊन राहिले. मुलगी तिथेच संसारात होती. आल्या आल्या त्यांनी सोसायटीच्या सेक्रेटरीशी, दूधवाल्याशी आणि वरच्या मजल्यावरच्या कुंड्यांशी भांडण काढलं.

त्या गावात एक फुटबॉल क्लब होता. टीव्हीवर दिसतात तसल्या मोठ्या क्लबांच्या कितीतरी पायऱ्या खालचा. दिवसा प्लंबर, पोस्टमन असलेली माणसं शनिवारी त्याच्याकडून खेळायची. काका पहिल्यांदा गेले तेव्हा गेटवरच्या म्हाताऱ्याने त्यांना सांगितलं, “क्रिकेट पलीकडच्या मैदानात आहे.” काका आम्हाला सांगायचे, “मी मनात म्हटलं, मेल्या, आता तर दर शनिवारी येणार!” आणि ते खरोखरच दर शनिवारी गेले. आधी निव्वळ खुन्नस म्हणून, मग दुसरीकडे कुठे जावंसंच वाटेना म्हणून.

त्या क्लबचा इतिहास आम्हाला पाठ झाला होता. चर्चच्या टीममधून हाकललेल्या वीटभट्टीच्या कामगारांनी तो काढला. त्याचा लाकडी स्टँड एकदा जळून खाक झाला. पुढे चेअरमनने “नवं चांगलं मैदान देतो” असं सांगून जुनं मैदान सुपरमार्केटला विकलं. नवं मैदान काही मिळालं नाही. शेजारच्या गावच्या वैऱ्यांचं मैदान भाड्याने घ्यावं लागलं आणि शेवटी क्लबला कुलूप लागलं. मग काकांसारख्या प्रेक्षकांनीच एका शाळेच्या मैदानावर तो पुन्हा उभा केला, अगदी तळाच्या पायरीपासून. हे सगळं काका अभिमानाने सांगत नसत. कोर्टात आरोपपत्र वाचावं तसे एकेक नाव घेऊन सांगत.

आमची टीम सेक्टरमागच्या मोकळ्या प्लॉटवर रविवारी सकाळी खेळायची. मी गोलकीपर. काका नेमके माझ्या गोलच्या मागे उभे राहायचे आणि सुरू व्हायचे. “हात आहेत की कपडे वाळत घातलेत?” “अरे, बॉल आहे तो, पाहुणा नव्हे, वाट कसली देतोस!” मला त्यांचा मनापासून राग यायचा. एकदा मी वळून ओरडलोच, “काका, समोरच्या टीमला बोला ना काहीतरी!”

“त्यांचा माझा काय संबंध?” काका म्हणाले. “शिव्या आपल्या माणसाला द्यायच्या असतात.”

हे ऐकून मी विरघळलो वगैरे नाही. पुढच्या मिनिटाला गोल खाल्ला आणि आणखी ऐकून घेतलं.

मग त्या प्लॉटवर आमच्या भागातल्या एका पुढाऱ्याची नजर गेली. सगळे त्यांना भाऊ म्हणायचे. भाऊंनी आम्हाला काशीमिऱ्याच्या एका हॉटेलात जेवायला बोलावलं. प्लॉटवर कृत्रिम गवताचं, तासावर भाड्याने द्यायचं टर्फ होणार, वर दिवे लागणार. आम्हाला खेळणं फुकट. फक्त टीमला भाऊंचं नाव लावायचं आणि मैदान गेलं म्हणून बोंब मारायची नाही. आमचा कॅप्टन राकेश हरखून गेला. काका आमंत्रण नसताना आले होते. ते खुर्ची मागे सारून उठले.

“राकेश, आमचा चेअरमन पण असाच जेवण देत होता.”

“काका, आपका क्लब उधर डूबा, तो क्या हमारा भी डूबेगा?”

“डुबला नाही. विकला! विकू देणारे तुझ्यासारखेच कॅप्टन होते, हसतमुख.”

राकेशही उठला. “आप सिर्फ गाली देते हो. बूट दिये कभी? बॉल दिया?”

काका भरल्या ताटावरून निघून गेले. आम्ही चार-पाच जणांनी विरोध केला, बाकीचे राकेशबरोबर गेले. एकाच इमारतीत राहणारी आम्ही मुलं लिफ्टमध्ये एकमेकांकडे पाठ करून उभी राहू लागलो.

टर्फ झालं. सुरुवातीला टीमला संध्याकाळची वेळ मिळाली. मग ती वेळ कंपन्यांच्या सामन्यांना गेली आणि टीमला भर दुपार आली. नंतर दुपारीही बुकिंग असायचं. जाळीबाहेर ताटकळून ताटकळून पोरं पांगली. शेवटी राकेश स्वतः माझ्या दारात आला. आम्ही भाईंदर पश्चिमेला मिठागराकडची एक जागा शोधली आणि जुन्या नावाने पुन्हा टीम जमवायला घेतली.

काकांना सांगायला मी गेलो. त्यांनी साखळी न काढताच दार किलकिलं केलं.

“किती जण?”

“सध्या सहा.”

“सहा जणांत काय, पत्ते खेळणार?” असं म्हणून त्यांनी दार लावून घेतलं.

रविवारी रिक्षा करून ते हजर होते. मला, डिफेन्सला, रेफरीला, वाऱ्याला, सगळ्यांना त्यांनी धुतलं. एकट्या राकेशला मात्र एक शब्द नाही. तो चुकला तरी नाही, गोल मारला तरी नाही. महिनोन्महिने हेच. एकदा सामना संपल्यावर तो काकांसमोर जाऊन उभा राहिला. “काका, मेरे को भी कुछ बोलो ना.” काकांनी मान वळवून मला विचारलं, “रिक्षा कुठे मिळेल?”

गेल्या वर्षी हार्ट अटॅकने काका गेले. त्या दोघांचं बोलणं शेवटपर्यंत झालंच नाही.

दिवसकार्यासाठी मुलगी इंग्लंडहून आली होती. आम्ही भेटायला गेलो. “बाबांचं तिथे कुणाशी पटायचं नाही,” ती म्हणाली. “त्यांना एकही मित्र नाही असंच आम्ही समजत होतो.” मग तिने मोबाइलवर एक व्हिडिओ लावला. पावसाने भिजलेलं लहानसं मैदान, कठड्याला टेकून उभी असलेली थोडी माणसं, मध्ये दोन्ही टीम हातात हात गुंफून गप्प उभ्या. काकांसाठी. कडेला एक टकले गृहस्थ टोपी काढून रडत होते.

“हे क्लबचे खजिनदार,” ती म्हणाली. “बाबा यांच्याशी बोलायचे नाहीत. कसलंतरी जुनं भांडण होतं.”

व्हिडिओ संपला. राकेश मागे दाराजवळ उभा होता. तो पुढे आला आणि तिच्या शेजारी जमिनीवर बसला.

“दीदी,” तो म्हणाला, “एक बार और लगाओ ना.”