खरबुजाचा नवस

खरबुजाला नवस बोलतात, हे मला वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, माझ्याच अंगणात कळलं. सत्तरच्या दशकातली गोष्ट आहे, पण आजही आठवलं की डोक्याची शीर उडते!

माझा मेव्हणा तेव्हा कुवेतला नोकरीला होता. सुट्टीवर आला तो माझ्यासाठी (घड्याळ नाही, पेन नाही, ट्रान्झिस्टर तर नाहीच नाही!) पुडीत बांधून सहा बिया घेऊन आला. म्हणे, मांडवावर चढणारं परदेशी खरबूज! शेजारी सासरे बसले होते. अकलूजचे बागाईतदार. ते हसले.

"जावईबापू, खरबूज नदीच्या वाळूत लोळतंय. मांडवावर चढत न्हाई. आन तुमी शाळंत शिकवता त्ये पुस्तकातलं झाड. त्येला पानी बी लागत न्हाई!"

माझं टाळकंच सरकलं. हायस्कुलात बारा वर्षं जीवशास्त्र शिकवत होतो मी! "मे महिन्यात या, मामा. याच अंगणातलं खरबूज कापून देतो. नाही दिलं तर मास्तरकी सोडतो!"

सोलापुरात नळाला पाणी एक दिवसाआड. मी स्वतः दोन तांब्यांत अंघोळ उरकून उरलेलं पाणी वेलाला घातलं. रोज सकाळी ब्रशने एका फुलाचे पराग दुसऱ्या फुलाला लावले. तीन फळं धरली, त्यातली दोन गळाली. (त्या दिवशी घरात माझ्याशी कुणी बोललं नाही. शहाणी माणसं!) उरलेलं एक नारळाएवढं झालं आणि त्याचा देठ ताणायला लागला. मी कपाटातला एक हिरवा खण काढला, त्याची झोळी केली, फळ आत ठेवलं आणि झोळी मांडवाला टांगली.

"माझ्या ओटीच्या खणात खरबूज?" कमल, म्हणजे आमची सौ., कडाडली.

"देठ तुटला तर तुझे वडील माझी अब्रू काढतील!"

"ती ते तशीही काढतात."

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात शेजारची नरसक्का उभी. तिच्या घरचे माग रात्री तरी थांबत, जिभेला मात्र तेवढीही उसंत नसे. हातात हळदीकुंकवाचं ताट, आणि माझ्या खरबुजाला कुंकू लावणं चाललेलं!

"अहो, हे काय?"

"लाजताव कशाला ओ मास्तर? दोन पोरीच हायत, पोरगा पायजे म्हणून पाळणा बांधला की तुमी. देवी ऐकंल."

"आत खरबूज आहे!"

"व्हय, व्हय. आत काय हाय ते आधी सांगायचं नसतंय."

मांडवाला हिरवा खण टांगलाय म्हटल्यावर पेठेतल्या बायकांना आणखी पुरावा नको होता. आठ दिवसांत माझ्या मांडवाला अकरा पाळणे लटकले! (मी नुकतंच शाळेत 'दोन मुलं पुरेत' यावर भाषण ठोकलं होतं. हेडमास्तरांनी शिपायाकरवी अभिनंदनाची चिठ्ठी पाठवली!) कुणी मुळाशी दूध ओतलं, कुणी खांबावर नारळ फोडला. मी ओरडलो, हात जोडले, शेवटी पाटी लावली: 'हे खरबूज आहे. नवस बोलू नये.' संध्याकाळी पाटीलाही कुंकू!

मे महिन्यात सासरे आले, तेव्हा अंगणात वीसेक बायका होत्या. मी गर्दीत घुसलो, झोळी सोडली आणि खरबूज वर धरलं. पिवळंधमक, जाळीदार, घमघमाट सुटलेला!

"बघा, मामा! आलं की नाही?"

"देवीच्या कृपेनं आलं!" बायका एकसुरात म्हणाल्या.

"माझ्या!" मी किंचाळलो. "पाणी माझं, ब्रश माझा, मांडव माझा! देवीचा काय संबंध? सोडा ते पाळणे! एकूण एक सोडा!"

नरसक्काने पदर तोंडाला लावला.

"माझ्या पोरीला सातवा लागलाय, मास्तर. मागची दोन पोटातच गेली. जेवत नव्हती, झोपत नव्हती. हितं पाळणा बांधला, तवापासनं दोन घास खातीया. आता तिला काय सांगू?"

सासऱ्यांनी खरबूज हातात घेतलं, हुंगलं.

"फळ तुमीच आणलं, जावईबापू. मी चुकलो, मान्य. बारा वर्सं मास्तरकी केली, आजून बारा करा." मग हळूच म्हणाले, "पर ह्या बाईम्होरं आता कान धरा. पाच उठाबशा काढा, म्हंजी तिचा जीव भांड्यात पडंल."

आयुष्यात पहिल्यांदा सासरा माझ्यापुढे हरला होता, आणि तिकडे कुणाचंही लक्ष नव्हतं! मी, बी.एस्सी., बी.एड., वीस बायकांसमोर कान धरून उभा राहिलो. डोक्यात नुसता जाळ! त्यांनी पाच सांगितल्या होत्या. रागाच्या भरात मी पाळण्यामागे एक, अशा अकरा काढल्या.