ढिल्या खुंटीचं घराणं

आमच्या गुरुजींचं घराणं कुठलं, असं कोणी विचारलं की मी छाती फुगवून सांगतो, ढिल्या खुंटीचं.

जगभर सतार वाजवून गुरुजी पेडण्याला परतले आणि घराच्या सोप्यावर शिकवायला बसले. सुराला इतके कडक, की मोपाला उतरणाऱ्या विमानाचा स्वर लागला नाही म्हणून चुकचुकायचे. आणि हाच माणूस शिष्याच्या पहिल्या बैठकीला आशीर्वाद द्यायच्या मिषाने त्याच्या सतारीची खुंटी हळूच सैल करायचा! रागात शिरता शिरता तार म्याव करायची. थांबला तो नापास. वाजवता वाजवता जुळवून घेईल तो आपला. माझ्या वेळी मी असा घामाघूम झालो की लोकांना वाटलं, काय हा भाव!

गुरुजी गेले. काकींनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, त्यांची सतार वर्षभर गवसणीतून काढली नाही. वर्षश्राद्धानंतर देवळात बैठक ठरली, तर फोंड्याच्या एका दात्याने सतारीसाठी चक्क काचेचं कपाट पाठवलं. मला धडकीच भरली. काचेतल्या सतारीला लोक नमस्कार करतात, वाजवत नाहीत.

"काकी, एकदा माझ्या शिष्येला ती वाजवू द्या. मग ठरवा."

शिष्या डिचोलीची, बाप खाणीवर ट्रक चालवतो. तिची ही पहिलीच बैठक.

"वाजव गो," काकी तिला म्हणाल्या. "बघूया."

एवढं पणाला लागलेलं! खुंटीला हात लावायची माझी काही हिंमत झाली नाही. घराण्याशी सरळ बेइमानी केली आणि निवांत बसलो.

पोरीने आलाप धरला, आणि तार म्याव!

माझं अवसानच गळालं. तिने मात्र डोळेही उघडले नाहीत. डाव्या हाताने खुंटी पिळत उतरलेला स्वर मींड घेतल्यासारखा वर नेला आणि षड्जावर असा टेकवला, की पुढचे म्हातारे "वा!" म्हणून डोलले.

मी काकींकडे पाहिलं. त्या देवाकडे बघत होत्या, जरा जास्तच भक्तिभावाने. सतार जुळवून झाल्यावर तिला फूल वाहायला त्याच तर पुढे गेल्या होत्या!

बैठक उठल्यावर मी त्यांना गाठलं. "काकी, तुम्ही?"

"मग कोण? तू भियालास ना!"

"आणि कपाट?"

"त्यात माझ्या लोणच्याच्या बरण्या रवतील. सतार काचेत घातली, तर तिची खुंटी कोण रे सैल करतलो?"