पट्ट्याने बांधलेले पंख

अरुणाताईंच्या पर्समध्ये पाना असतो, ही इंग्लंडमधल्या ब्रॅकनेलच्या मराठी मंडळींची जुनी थट्टा. थट्टा असली तरी खोटी नव्हती. भोवतालची माणसं संगणकावर पोट भरणारी. या बाई मात्र अकोल्याजवळच्या खेड्यातून शेती-अभियांत्रिकी शिकून आल्या आणि बर्कशरमधल्या एका अवजारांच्या वर्कशॉपमध्ये जाऊन रुजल्या. पुढे ते वर्कशॉप बंद पडलं, तेव्हा शेतकरी त्यांना जुनी यंत्रं पारखायला बोलावू लागले. घेणाऱ्याच्या वतीने जायचं, यंत्र उघडून पाहायचं आणि ‘घ्या’ किंवा ‘घेऊ नका’ एवढंच सांगायचं. त्यांच्या ‘घ्या’ला वजन होतं, कारण तो शब्द त्यांच्या तोंडून सहसा निघत नसे.

हंगरफर्डच्या पलीकडे साराचा गोठा होता. नवऱ्यामागे ती एकटीच गाई सांभाळत होती. गाईंच्या हिवाळी चाऱ्याचा मका आजवर एक कंत्राटदार पेरून द्यायचा. तो थकला, म्हणून यंदा तिने स्वतःच पेरायचं ठरवलं. जुनं प्लँटर, म्हणजे पेरणीयंत्र, घ्यायचं, आणि निवड अरुणाताईंनी करायची.

“भराभर पेरणारं नको, देखणं नको,” सारा म्हणाली होती. “मी शेतात एकटी असते. मला हाक मारली तर ऐकायला तिथे कोणी नसतं. मला दगा न देणारं यंत्र बघ.”

दोन यंत्रं समोर आली. दोन्ही आठ ओळींची, दोन्ही वीसेक वर्षांची, आणि दोन्ही घडीची; कारण तिकडच्या गल्ल्या झुडपांच्या कुंपणांमध्ये चिणलेल्या, पसरलेलं यंत्र त्यांतून जाणंच शक्य नाही. फरक होता तो घडीत. लाल यंत्राचे दोन्ही पंख, म्हणजे ओळींचे बाजूचे भाग, वर उचलले जात आणि एखाद्या पक्ष्यासारखे डोक्यावर मिटत. करड्या यंत्राचे पंख चाकांवर फिरून पुढे येत आणि ट्रॅक्टरला जोडणाऱ्या ओढदांड्याला चिकटून बसत. लाल यंत्रात हवेच्या ओढीने तबकडीला दाणा चिकटे आणि नेमका एकेक सुटे. करड्यात लोखंडी चिमटे दाणा उचलत, कधी एकाऐवजी दोन. लाल चपळ होतं. करडं जडशीळ, वळायला बैलगाडीइतकी जागा मागणारं. कागदावर पाहिलं तर लाल यंत्राला तोड नव्हती.

आणि लाल यंत्र रघुवीरचं होतं.

रघुवीर स्लाऊमधली नोकरी सोडून जुन्या अवजारांच्या धंद्यात पडलेला. माणूस गोड, जिभेवर साखर ठेवूनच बोलणारा. अरुणाताई त्याच्या आवारात पोहोचल्या तेव्हा लाल यंत्र पंख मिटून उभं होतं, आणि दोन्ही पंखांची टोकं एका नारिंगी पट्ट्याने एकमेकांना बांधलेली होती. पट्टा कशाला, हा प्रश्न त्यांच्या ओठांवर आला. तोवर रघुवीरने तो सोडून कोपऱ्यात भिरकावलाही होता.

त्यांनी माती चिरणाऱ्या तबकड्यांची झीज पाहिली, सांधे हलवून पाहिले, दाण्याच्या तबकड्या फिरवल्या. पंख खाली आले, वर गेले. आता उरली होती त्यांची नेहमीची कसोटी. पंख अर्ध्यात उचलायचा, इंजिन बंद करायचं, सिलिंडरच्या दांड्यावर खडूची रेघ ओढायची आणि वाट पाहायची. तेलाच्या दाबावर पंख तोलणारं सिलिंडर आतून दमलेलं असेल, तर ते ती रेघ हलवल्याशिवाय राहत नाही. खडू हातात आला होता.

“ताई, थालीपीठं गार होताहेत,” रघुवीरची बायको नीना दारातून म्हणाली.

“चला हो ताई, यंत्र काही पळून जात नाही,” रघुवीर हसला.

खडू खिशात गेला. थालीपीठ झालं, लोणी झालं, घरी न्यायला लाडवांचा डबाही झाला. मग ज्याच्या ताटात जेवलो त्याला उठून म्हणायचं, की थांब, तुझा माल खोटा आहे का ते बघते? जीभ रेटेना. भीड ही भिकेची बहीण, असं आजी म्हणायची. पण म्हणी आठवतात त्या हात धुतल्यावर. साराला त्यांनी फोनवर सांगितलं, “लाल बरं दिसतंय. चालवून बघ.” रघुवीरने त्याच संध्याकाळी यंत्र तिच्या शेतावर पोहोचतं केलं.

सकाळी अरुणाताईंनी जॅकेट चढवलं. खिशात बोटांना खडू लागला. तो अख्खा होता, न झिजलेला.

पट्टा कशाला होता, हे त्यांना त्या क्षणी कळलं. पंख वर धरून ठेवायला लोखंडी खीळ असते. खीळ धड असेल तर पट्टा कोण बांधेल? आणि सिलिंडरवर भरवसा असता, तर खिळीवाचूनही पट्ट्याची गरज पडली नसती.

साराचा फोन वाजत राहिला. दुसऱ्यांदाही. ती खोलगट शेतात असली की नेटवर्क मिळत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. गाडी मोटरवेवरून उतरून गल्लीत शिरली, आणि समोर दुधाचा टँकर आला. मागे सरकणं भाग होतं. कुंपणाच्या काटक्या काचेवर करकरत गेल्या. टँकरवाल्याने सावकाश हात हलवून आभार मानले. अरुणाताईंनीही हात हलवला आणि गाडी पुढे काढली.

फाटकातून शेत दिसलं. ट्रॅक्टरचं इंजिन सुरू होतं. लाल यंत्राचा डावा पंख अर्ध्यात उचललेला, आणि त्याखाली सारा गुडघे टेकून दाण्याच्या नळीत अडकलेली माती उकरत होती.

अरुणाताई धावल्या नाहीत. धावणारं माणूस पाहून समोरचा दचकून उभा राहतो, आणि साराच्या डोक्याच्या वीतभर वर लोखंड होतं. केबिनमध्ये जाऊन पंख वर घेता आला असता. पण ट्रॅक्टर परका, कोणता दांडा कशाचा ते माहीत नाही, आणि चुकीचा दांडा म्हणजे पंख खाली. त्या बांधावरून चालत, साराला दिसतील अशा बेताने समोर गेल्या.

“सारा, हातातलं सोड. माझ्याकडे ये. खाली वाकूनच ये.”

“एक मिनिट. ढेकूळ निघतंच आहे.”

“राहू दे ते.”

“अगं, एवढी नळी मोकळी केली की—”

“सारा. वाकून. माझ्याकडे.”

साराने मान वळवली. अरुणाताईंचा चेहरा पाहून तिने पुढचं विचारलं नाही. रांगत ती चाकापाशी आली. अरुणाताईंनी तिची कॉलर धरून तिला बाहेर ओढलं, आणि दोघी चिखलात बसल्या.

पंख लगेच पडला नाही. तो किंचित खाली आला आणि थांबला. सारा काहीतरी म्हणणार, तोच आत कुठेतरी तेल फुसकन निसटलं आणि अख्खा पंख जमिनीवर आदळला. मातीत साराच्या गुडघ्यांचे दोन खळगे उमटले होते. त्यांतल्या एकात माती चिरणारी तबकडी पार आसापर्यंत रुतली होती.



“काल मी हे तपासलंच नाही,” अरुणाताई म्हणाल्या. “तपासायचं होतं. जेवायला बसले.”

साराने त्यांच्याकडे पाहिलं. “एवढं चांगलं होतं जेवण?”

“हो.”

सारा हसली, आणि हसता हसता तिचे दात वाजू लागले. अरुणाताईंनी जॅकेट काढून तिच्या खांद्यांवर टाकलं.

निरोप मिळताच रघुवीर दुपारी आला. पडलेला पंख आणि ते खळगे पाहून त्याची साखर विरघळली.

“पट्टा कशाला होता, रघुवीर?”

“ताई, ज्याच्याकडून घेतलं त्यानेच बांधून दिला होता. मी विचारलं नाही.”

“का नाही विचारलंस?”

“त्याने घरात नेऊन चहा दिला होता.”

रागावायचं ठरवून बसलेल्या अरुणाताईंना राग शोधावा लागला. गाडीतून त्यांनी नीनाचा डबा आणला, लाडू साराकडे काढून धुतलेला. “डबा रिकामा परत देऊ नये म्हणतात,” त्या म्हणाल्या. “आज रिकामाच ने.”

त्याने तो दोन्ही हातांनी घेतला. “यंत्र कोणाला देणार नाही, ताई. खीळ आणि सिलिंडर बदलल्याशिवाय नाही. मग तुम्ही या, आणि रेघ ओढा.”

“येईन. जेवून येईन.”

दुसऱ्या दिवशी त्या साराला घेऊन करडं यंत्र पाहायला गेल्या. म्हातारा मालक मगात चहा घेऊनच फाटकाशी उभा होता, सोबत त्याच्या बायकोने केलेला केक. अरुणाताईंनी चहाचा मग घेतला, आभार मानले आणि तो ट्रॅक्टरच्या मडगार्डवर ठेवला.

“आधी पंख,” त्या म्हणाल्या.

करड्या पंखांना उंची ठाऊक नव्हती. चाकांवर कुरकुरत ते जमिनीलगतच उघडले. कोणाच्या डोक्यावर येण्याची सोयच त्यांना नव्हती. पण पेरणाऱ्या ओळींचा सांगाडा मातीपासून उचलून धरणारी सिलिंडरं याही यंत्राला होती. अरुणाताईंनी इंजिन बंद करवलं, दांड्यावर खडूची रेघ ओढली आणि हात मागे बांधून उभ्या राहिल्या.

“चहा गार होतोय, बाई,” म्हातारा म्हणाला.

“होऊ दे,” सारा म्हणाली. तिचीही नजर रेघेवर होती.